वेग नेमका कुठे गळत होता? एका व्हीपीएन सेवेसोबतचे आठ महिने

आधी माझं मत सांगते, मग ते कसं बनलं ते. ही सशुल्क व्हीपीएन सेवा (आपली इंटरनेटवरची रहदारी कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, एका मधल्या सर्व्हरमार्गे नेणारी) मी आठ महिने जवळजवळ रोज वापरते आहे. सर्व्हर चांगले आहेत, जोडणी क्वचितच तुटते आणि सगळं नीट लावलं की वेग भरपूर मिळतो. पण अ‍ॅप जसं हातात येतं तसंच चालू ठेवलं, तर तोच वेग दहाव्या हिश्श्यावर येऊ शकतो आणि असं का झालं याचा अ‍ॅप पत्ता लागू देत नाही. पाचपैकी साडेतीन गुण. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण यातल्या बहुतेक अडचणी कोणत्याही व्हीपीएनवर येऊ शकतात आणि त्या शोधण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे.

मी ऑडिओबुकांचं ध्वनिसंपादन करते. वाचकाचा आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो असा येतो. अशा एका तासाच्या वेव्ह फाइलचा आकार ५१८ एमबी होतो. नऊ तासांचं पुस्तक म्हणजे साडेचार जीबीच्या वर. ते एकदा पाठवून भागत नाही. पलीकडे कुणीतरी कान देऊन ऐकतं, चुका काढतं, मी दुरुस्त करते आणि प्रकरणं पुन्हा पाठवते. प्रकाशनाआधीचं ध्वनिमुद्रण व्हीपीएनमधूनच पाठवायचं ही माझ्या करारातली अट आहे आणि ती मला मनापासून पटते. महिनोन् महिने कुणीतरी घसा कोरडा करून वाचलेलं असतं, ते वाटेत कुणाच्या हाती लागू नये.

त्यामुळे ‘व्हीपीएन बंद करून बघा’ हा सल्ला मला तपासणीपुरताच उपयोगी होता. काम तर त्यातूनच व्हायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात एका तासाच्या फाइलला साडेअकरा मिनिटं लागली. हिशोब केला तर सहा एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला सहा मेगाबिट. माझी लाइन दोन्ही बाजूंनी १०० एमबीपीएसची. (इथे खूप जण गोंधळतात: लाइनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. एका बाइटमध्ये आठ बिट. १०० एमबीपीएसची लाइन सेकंदाला फार तर साडेबारा एमबी नेते.) चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की व्हीपीएन चालू ठेवून स्पीड टेस्ट केली तर ती चाळीसच्या आसपास आकडा दाखवायची. चाळीस दिसतात, मग फाइल सहानेच का सरकते?

भाच्याला फोन केला. तो नेटवर्कच्याच कामात आहे. त्याने पहिला प्रश्न विचारला, “मावशी, तू मोजतेस कशाने?” मी स्पीड टेस्टचं नाव घेतलं. तो म्हणाला, “ती एका वेळी अनेक जोडण्या उघडते आणि सगळ्यांची बेरीज दाखवते. तुझी फाइल एकाच जोडणीतून जाते. तू तुझ्याच फाइलने मोज. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.”

त्या दिवसापासून ५१८ एमबीची एक फाइल मी मोजपट्टी म्हणून बाजूला ठेवली. वहीत तारीख, वेळ, काय बदललं आणि किती सेकंद लागले, एवढंच लिहायचं. पुढे मदतकेंद्राशी बोलताना याच वहीने मला हात दिला.

व्हीपीएन बंद करून पहिली मोजणी केली तेव्हा १०९ सेकंद लागले, म्हणजे ३८ एमबीपीएस. लाइन शंभरची आणि मिळतात अडतीस! हा दोष व्हीपीएनचा नव्हताच. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता आणि लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूची सगळी घरं त्यांतच दाटीवाटीने बसलेली. सरळ केबल ओढली. ४४ सेकंद, ९४ एमबीपीएस. एवढं केल्याशिवाय कोणत्याही व्हीपीएनला नावं ठेवू नयेत असं माझं आता ठाम मत आहे.

पण केबल लावूनही व्हीपीएन चालू केल्यावर फाइलला पावणेदहा मिनिटांच्या वरच लागली. म्हणजे खरं दुखणं पुढे होतं.

अ‍ॅपच्या मुख्य पडद्यावर एक मोठं बटण आहे, ‘सर्वात जलद’. मी रोज तेच दाबत होते. सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, कधी पाहिलाच नव्हता. पाहिला, तर २१२ मिलिसेकंद. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्याला निदान दहा मिलिसेकंद. त्यात केबलची वळणं आणि मधल्या राउटरांचा वेळ मिळवायचा. २१२ चा अर्थ एवढाच, की माझी प्रत्येक फाइल आधी कित्येक हजार किलोमीटर दूर जात होती आणि मग तिथून प्रकाशकाच्या सर्व्हरकडे वळत होती.

आणि अंतर वाढलं की एकट्या जोडणीचा श्वास कोंडतो. पाठवणारा काही माल पाठवतो, पलीकडून पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा पाठवतो. वाटेत एका वेळी किती माल असू शकतो याला मर्यादा असते. जुन्या ६४ केबीच्या मर्यादेत अडकलेली जोडणी २१२ मिलिसेकंदांच्या अंतरावर अडीच एमबीपीएसच्या पुढे जाऊच शकत नाही, मग लाइन कितीही रुंद असो. आजच्या संगणकांत ही मर्यादा गरजेप्रमाणे वाढते, पण ती वाढायला वेळ लागतो आणि मधे एखादं पॅकेट (मालाचा छोटा तुकडा) हरवलं की पुन्हा आखडते. म्हणूनच अनेक जोडण्या उघडणाऱ्या टेस्टला चाळीस मिळत होते आणि माझ्या एकट्या फाइलला सहा.

यादीत जाऊन हाताने सर्वात जवळचा सर्व्हर निवडला. पिंग १८. फाइलला १४० सेकंद. दहा मिनिटांवरून अडीच मिनिटांच्या आत! मला खरंच आनंद झाला. भाचा मात्र समाधानी नव्हता. “केबलवर ९४ येतात ना? मग तीसवर का थांबायचं? प्रोटोकॉल कोणता आहे ते बघ.”

हा शोध मला सर्वात जास्त शिकवून गेला आणि अ‍ॅपबद्दलची माझी सर्वात मोठी तक्रारही इथलीच आहे.

सेटिंगमध्ये प्रोटोकॉलसमोर, म्हणजे व्हीपीएन कोणत्या पद्धतीने जोडायचं त्यापुढे, ‘स्वयंचलित’ असं लिहिलेलं होतं. स्वयंचलित म्हणजे आत्ता नक्की कोणता चालू आहे, हे अ‍ॅपमध्ये कुठेच दिसत नव्हतं. नोंदींची फाइल उघडून वाचली तेव्हा कळलं: ओपनव्हीपीएन, तोही टीसीपीवर, ४४३ क्रमांकाच्या पोर्टमधून. (टीसीपी आणि यूडीपी या माल नेण्याच्या दोन रीती: टीसीपी प्रत्येक पॅकेटची पोच घेतं, यूडीपी घेत नाही. पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार.) नोंदी मागे मागे चाळत गेले तर त्याचं मूळही सापडलं. सेवा घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी प्रवासात एका सार्वजनिक वाय-फायवर होते. तिथे यूडीपी अडवलेलं होतं. अ‍ॅपने आधी यूडीपीवर जोडून पाहिलं, जमलं नाही, म्हणून टीसीपीची वाट धरली. ४४३ हे सुरक्षित वेबपानांचं पोर्ट, ते सहसा कुणी अडवत नाही. त्या क्षणी अ‍ॅपने अगदी योग्य केलं, मला जोडणी मिळवून दिली. पण घरी परत आल्यावर ते पुन्हा यूडीपीकडे वळलंच नाही. चालली ती वाट त्याने लक्षात ठेवली आणि मला एका शब्दाने कळवलं नाही.

टीसीपी वाईट का? मुळात टीसीपी वाईट नाही. प्रत्येक पॅकेट पोचलं की नाही हे बघायचं, नाही पोचलं तर पुन्हा पाठवायचं आणि वाट तुंबलीय असं वाटलं तर वेग कमी करायचा, हे त्याचं काम. माझी फाइल स्वतःच टीसीपीने जात होती. ती टीसीपीच्या बोगद्यात (व्हीपीएनच्या कुलूपबंद वाटेत) घातली की हे काम दोन थरांत, एकमेकांना न विचारता, चालू होतं. एक पॅकेट हरवलं की बाहेरचा थर ते पुन्हा पाठवायच्या खटपटीत असतो. आतल्याला ते दिसत नाही. त्याला फक्त पोच यायला उशीर होतोय एवढंच कळतं, म्हणून तोही तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. हरवलेल्या एका पॅकेटमागे रांग साचते आणि दोन्ही थर वेग कमी करतात. बोगदा यूडीपीचा असला तर बाहेरचा थर या भानगडीत पडतच नाही. हरवलेलं पुन्हा पाठवायचं काम आतलं टीसीपी एकटं करतं.

ओपनव्हीपीएन यूडीपीवर लावलं: ८२ सेकंद. मग वायरगार्ड हा दुसरा प्रोटोकॉल लावला: ५३ सेकंद, म्हणजे ७८ एमबीपीएस.

या दोघांतला फरक समजून घ्यायला मी काही संध्याकाळी दिल्या. ओपनव्हीपीएन २००१ पासूनचं आहे, भक्कम आहे, हजार तऱ्हांनी बसवता येतं. पण पूर्वापार ते संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याबाहेर (कर्नेलबाहेर), एक साधा प्रोग्रॅम म्हणून चालतं. प्रत्येक पॅकेट गाभ्यातून त्या प्रोग्रॅमकडे आणायचं, कुलूपबंद करायचं आणि परत गाभ्याकडे द्यायचं. हजारो पॅकेटांची ही ये-जा प्रोसेसरला जड जाते. (२.६ आवृत्तीपासून हे काम गाभ्यात नेण्याची सोय झाली आहे, पण सेवेने ती वापरली तरच तिचा उपयोग.) जेसन डोनेनफेल्ड यांचं वायरगार्ड सुरुवातीपासूनच आटोपशीर ठेवलेलं आहे. लिनक्ससाठीचा त्याचा कोड साधारण चार हजार ओळींचा होता आणि मार्च २०२० मध्ये ५.६ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आलं. कुलूपबंदीसाठी ते चाचा२० ही पद्धत वापरतं. एईएस या दुसऱ्या पद्धतीसाठीची खास सोय नसलेल्या जुन्या प्रोसेसरवरही चाचा२० जलद चालतं. माझा लॅपटॉप नवा नाही, त्यामुळे हा फरक मला चांगलाच जाणवला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं. यूडीपी अडवलेल्या ठिकाणी टीसीपीचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून टीसीपीचा पर्याय अ‍ॅपमध्ये असायलाच हवा, फक्त तो चालू आहे हे दिसायला हवं.

इथे गोष्ट संपली असं वाटलं होतं. चार दिवसांनी नवंच सुरू झालं. वेबपानं झटकन उघडायची, संदेश जायचे, पण फाइल टाकली की कधीकधी तीन-चार टक्क्यांवर जाऊन तिथेच उभी. व्हीपीएन तोडून पुन्हा जोडलं की कधी चालायची, कधी नाही. रोज अडली असती तर शोधणं सोपं होतं, अधूनमधून अडणाऱ्या दोषाने जीव मेटाकुटीला आणला. एका रात्री सकाळपर्यंत द्यायची प्रकरणं तशीच अडकली आणि पलीकडे माझ्यासाठी माणूस जागा होता. त्या रात्री मी खूप वैतागले होते.

कारण होतं एमटीयू. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्याचं हे माप. इथरनेटवर ते १५००. माझी लाइन पीपीपीओई या लॉगिन करून जोडणाऱ्या व्यवस्थेवर चालते, तिथे आठ बाइट त्या व्यवस्थेलाच लागतात, उरतात १४९२. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटला आपलं वेगळं वेष्टन घालतं. वायरगार्डचं वेष्टन आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) वरून जाताना ६० बाइटांचं असतं, आयपीव्ही६ (नवी पद्धत) वरून जाताना ८० चं. अ‍ॅपने आतल्या पॅकेटचं माप १४२० ठेवलं होतं, वायरगार्डमध्ये सहसा असतं तेच. आता बेरीज करा. आयपीव्ही४ वर १४२० आणि ६० मिळून १४८०, मावतं. आयपीव्ही६ वर १४२० आणि ८० मिळून १५००, आणि वाट १४९२ ची. आठ बाइट जास्त. लहान पॅकेटं बिनबोभाट पार होतात, म्हणून पानं उघडतात. भरगच्च पॅकेटं वाटेतच गळतात, म्हणून फाइल अडते. ‘पॅकेट फार मोठं आहे’ असा निरोप वाटेतल्या राउटरने परत द्यायचा असतो, पण तो निरोप मधेच अडला तर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि तो त्याच मापाची पॅकेटं पाठवत राहतो. माझी जोडणी कधी आयपीव्ही४ वरून होत होती, कधी आयपीव्ही६ वरून. त्या लहरीपणाचं उत्तर हे होतं.

आपल्या लाइनचं माप स्वतः काढता येतं. व्हीपीएन बंद करायचं आणि पिंगला ‘पॅकेट तोडू नको’ अशी सूचना देऊन वेगवेगळ्या आकाराची पॅकेटं पाठवायची. विंडोजवर त्यासाठी पिंगपुढे वजा चिन्हासह ‘एफ’, मग वजा चिन्हासह ‘एल’ आणि आकडा लिहायचा, शेवटी पत्ता. माझ्याकडे १४६४ गेलं, १४६५ अडलं. त्यात पॅकेटच्या शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की १४९२. त्यातून ८० वजा केले की १४१२. अ‍ॅपच्या ‘प्रगत’ विभागात, तीन पडदे आत, एमटीयूची चौकट सापडली. १४१२ घातलं. त्यानंतर एकही फाइल अडलेली नाही आणि मोजपट्टीची फाइल ५० सेकंदांत जाते. म्हणजे ८३ एमबीपीएस.

केबलवरच्या ९४ पर्यंत ते का पोचत नाही, असं मला कुणीकुणी विचारलं. वेष्टनातच शंभरातले पाच-सहा जातात, थोडं कुलूपबंदीत, थोडं वाट लांब झाल्यामुळे. ‘वेग अजिबात कमी होत नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या सेवेवर माझा विश्वास बसत नाही. अपवाद एकच: इंटरनेट पुरवणारी कंपनी एखाद्या प्रकारची रहदारी ओळखून मुद्दाम दाबत असेल, किंवा तिची वाटच वाकडी असेल, तर व्हीपीएनमुळे वेग वाढलेलाही दिसतो.

मधे एक प्रयोग फसला. घरातली सगळी उपकरणं एकदम सुरक्षित होतील म्हणून व्हीपीएन थेट राउटरवर बसवलं. वेग सतरावर आला. राउटरचा लहानसा प्रोसेसर एवढी कुलूपबंदी झेपवू शकत नव्हता. दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं.

बोगदा विभागायची सोय मात्र मी आवर्जून वापरते. माझा रोजचा बॅकअप मुळातच कुलूपबंद होऊन जातो, त्याला बोगद्यात जागा अडवू द्यायची गरज नाही, म्हणून तो मी बाहेरून जाऊ देते. कोणता प्रोग्रॅम बाहेर ठेवताय हे नीट विचार करून ठरवा. बाहेर ठेवलेल्याला व्हीपीएनचं काहीच संरक्षण नसतं. दुसरं, वाचकासोबत थेट आवाजावर काम चालू असताना मोठी फाइल पाठवली की आवाज तुटायचा. अपलोडची वाट तुडुंब भरली की राउटरपाशी रांग लागते आणि आवाजाची छोटी पॅकेटं तिच्या शेवटी उभी राहतात. फाइल पाठवायच्या प्रोग्रॅममध्ये वेगाला ६० एमबीपीएसची मर्यादा घातली, आवाज स्वच्छ झाला.

आता सेवेचा स्वतःचा दोष. रात्री आठ ते अकरा या वेळात तीच फाइल १९० सेकंद घ्यायला लागली. व्हीपीएन बंद केलं तर ४५. म्हणजे लाइन ठीक, वाय-फायचा संबंध नाही, प्रोटोकॉल तोच, एमटीयू तोच. त्याच ठिकाणचा दुसऱ्या क्रमांकाचा सर्व्हर निवडला तर ६१. उरलं एकच कारण: तो सर्व्हर गर्दीने भरलेला होता. काही सेवा प्रत्येक सर्व्हरपुढे गर्दीचं प्रमाण दाखवतात. ही दाखवत नाही.

मदतकेंद्राला लिहिलं. पहिलं उत्तर आलं, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं, फरक नाही. दुसरं उत्तर, राउटर बंद करून चालू करा. केलं, फरक नाही. तिसऱ्या वेळी मी वहीतल्या नऊ दिवसांच्या नोंदी पाठवल्या: वेळ, सर्व्हरचा क्रमांक, पिंग, सेकंद, आणि त्याच वेळची व्हीपीएनशिवायची मोजणी. या वेळी उत्तर देणारी व्यक्ती वेगळी होती. तिने नीट वाचलं होतं, हे तिच्या प्रश्नांवरून लगेच कळलं. तिने तो सर्व्हर भरलेला असल्याचं मान्य केलं आणि अकरा दिवसांनी त्या ठिकाणी दोन सर्व्हर वाढवल्याचं कळवलं. तेव्हापासून रात्रीची वेळ ५५ ते ७० सेकंदांत आहे. त्या व्यक्तीचे मी मनापासून आभार मानले. पण वही नसती तर मी दुसऱ्या उत्तरापाशीच हरले असते आणि बहुतेक ग्राहक तिथेच हरत असणार, याचं मला वाईट वाटतं.

मुदत संपली तेव्हा मी सेवा पुन्हा घेतली. जवळचा सर्व्हर, वायरगार्ड, १४१२ आणि रात्री गर्दी वाटली तर शेजारचा क्रमांक, एवढ्यावर माझं काम उत्तम चालतं. परवाच नऊ तासांचं पुस्तक साडेसात मिनिटांत गेलं. दीड गुण कापला तो अ‍ॅपसाठी. गेल्या दोन अद्ययावत आवृत्त्यांनंतर प्रोटोकॉल दोन्ही वेळा आपोआप ‘स्वयंचलित’वर परत गेला. प्रत्येक वेळी मीच लक्षात ठेवून बदलला. जोडणी झाल्यावर मुख्य पडद्यावर सर्व्हरचं ठिकाण, पिंग आणि प्रोटोकॉलचं नाव दाखवा, एवढी विनंती मी त्यांना लेखी केली आहे. ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं आहे. पुढची आवृत्ती आली की आधी तेच बघेन.